पांढरी

यादोरावनं तीन बाटल्या ठेवल्या टेबलावर,
चिठ्ठी एकीवरही नाही.
"ओळख," म्हणाला, "तीस वर्षं सरकारचा पगार खाल्ला मातीवर."

खाल्ला.
मातीही खाल्ली, ते त्याला ठाऊक नाही.
दीड मीटर खोल खड्ड्यात उतरून
भिंतीचा एकेक थर खुरप्यानं सोलायचा,
चिमूटभर घेऊन भिजवायची, मळायची,
अंगठ्यानं तिची फीत ओढायची,
किती लांब जाते, कुठे तुटते,
आणि कुणी बघत नसताना जिभेवर ठेवायची.
ॲसिडच्या थेंबाखाली चुनखडी फसफसते
ते वहीत लिहिता येतं.
जिभेसाठी रकाना नव्हता.

संत्री तिन्हींत आंबिया बहाराची,
खुंट जंभेरीचाच,
एका आठवड्यात उतरवलेली, एकाच खमिरानं आंबवलेली,
त्याच्या न्हाणीत, नळाशेजारी, काचेच्या बरण्यांत.
फरक ठेवला फक्त जमिनीचा.
द्राक्षवाले याच्या गोष्टी सांगतात म्हणे,
उताराच्या, दगडाच्या, सकाळच्या उन्हाच्या.
आमच्याकडे काय दगड कमी आहेत?

पहिला घोट.
गोडी आधी आली आणि बसून राहिली,
वेळ झाली तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखी.
भारी काळी जमीन, हातभर खोल भेगांची,
पाणी धरून ठेवणारी,
झाडाला धड ताणही बसू न देणारी.
पोटभर जेवलेलं झाड असंच बोलतं,
ऐसपैस, मुद्द्यावर न येता.
"मोहपा," मी म्हणालो, "नाल्याच्या काठचं."
यादोरावनं भुवईही हलवली नाही.

दुसरा आधी काहीच बोलला नाही.
मग जिभेच्या कडांना चुन्याचं बोट लागल्यासारखं,
आणि फार उशिरा सालीतलं तेल, कडवट.
वीतभर माती, खाली मुरूम.
पौषात पाणी तोडलं की चार दिवसांत पानं वळणार.
ते झाड जे काय देतं ते मोजून देतं.
"कोंढाळीकडचा माळ. पश्चिमेचा उतार."
"बरोबर आहे बाप्पा," तो म्हणाला,
आणि तिसरीचं बूच काढताना
माझ्याकडे बघितलं नाही.

तिसरा घोट मी दोनदा घेतला.
मग अजून एकदा.
लोखंड होतं त्यात. आणि काहीतरी जळून विझलेलं,
थंडीत सकाळी बंब पेटवल्यावर अंगणात उरतं तसं.
सीताबर्डीच्या टेकडीपाशी काळा फत्तर संपतो,
खालचा म्हातारा दगड उघडा पडतो,
तिथून पुढे धानाचा मुलूख. तिकडचं असेल?
सगळे नकाशे मनात उलगडले,
एकही रंग जुळेना.
"नाही जमत," म्हणालो.

"मोतीबाग," तो म्हणाला.
"क्वार्टरच्या मागचं झाड.
बाबा फायरमन होते नं छोट्या गाडीवर,
ड्यूटीवरून येताना बादलीभर राख आणायचे इंजिनची,
अन् टाकायचे बुडाशी.
आई कावायची, मरते म्हणे झाड.
नाही मेलं.
आता क्वार्टरच पाडून राहिले."

नकाशा करताना आम्ही
वस्ती, रूळ, कारखाने यांना रंग देत नसू.
जुनी माणसं शेताला काळी म्हणत
आणि घरांच्या जागेला पांढरी;
आम्ही ते शब्दशः घेतलं,
कागद तेवढा कोरा सोडला.
अख्खं नागपूर कोरं,
आणि खाली माझी सही.

यादोराव बाटलीच्या तळाचा गाळ
ट्यूबलाइटसमोर धरून बघतो आहे.
"उरलेली तू ने," म्हणतो,
"घरी जाऊन ओळख परत."
"आता तर माहीत आहे."
"म्हणूनच."